केंद्र लावण्याचा प्रश्न : बाभुळगावाहून एक आढावा

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव हे तालुक्याचे गाव आकाशवाणीच्या नकाशावर मोठ्या चमत्कारिक जागी वसलेले आहे. दक्षिणेस, सरळ रेषेत मोजल्यास वीसेक किलोमीटरवर, यवतमाळचे केंद्र. ईशान्येस सव्वाशे किलोमीटरच्या आत नागपूर. पश्चिमेस जवळपास तितक्याच अंतरावर अकोला. आणि आग्नेयेस त्यांहून थोडे दूर चंद्रपूर. भोवताली इतकी केंद्रे असताना येथील श्रोत्याच्या घरी कार्यक्रमांची चंगळ असावी असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात मात्र यवतमाळ तेवढे हुकमी लागते, आणि बाकीच्यांचे लागणे ऋतू, वेळ, दिशा, शेजारच्या घरातील दिवे आणि यंत्र विकणाऱ्याची अक्कल यांवर अवलंबून राहते. त्यातही नवल असे, की पाचशे-सातशे रुपयांचा ट्रान्झिस्टर ज्या नागपूरचे बोलणे दुपारी स्वच्छ ऐकवतो, तेच नागपूर दिवाणखान्यातील पंचवीस-तीस हजारांच्या यंत्रावर, ज्याला दुकानात होम थिएटर किंवा नुसतेच ‘सिस्टिम’ म्हणतात, खरखरीपलीकडे काही ऐकवीत नाही. असे का व्हावे, पूर्वीही असेच होत होते काय, आणि यावर गेल्या पाऊणशे वर्षांत कोणकोणते उपाय झाले, याचा धांडोळा घेण्याचा येथे विचार आहे. प्रस्तुत लेखकाचे मत आरंभीच नमूद करून ठेवतो: केंद्र लावणे हे काम मुळात तारेचे, जागेचे आणि कानाचे आहे, यंत्राचा वाटा त्यात पुष्कळ कमी, आणि अलीकडच्या यंत्रांनी श्रोत्याचा हात त्या कामातून अजिबात काढून घेतला, यातूनच बहुतेक तक्रारी उद्भवतात.

नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा वऱ्हाडातला हा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. तेव्हापासून येथील श्रोत्याचा कान नागपूरकडे लागलेला आहे. त्या काळी रेडिओ बाळगणे ही सरकारदरबारी नोंद होण्याजोगी गोष्ट होती. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्यान्वये यंत्रास परवाना लागे; तो टपाल कचेरीतून मिळे, दरसाल शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे, आणि तिकिटे चिकटवून शिक्का मारलेली ती पुस्तिका घराच्या दस्तऐवजांत सांभाळून ठेवली जाई. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हा परवाना इतिहासजमा झाला. परंतु एवढ्या सोपस्काराने घरात आलेल्या वस्तूकडे मालक लक्षपूर्वक पाहत असे, ती कोठे ठेवावी, तिची तार कोणत्या बाजूने न्यावी याचा विचार करीत असे, हा त्या व्यवस्थेचा एक अनपेक्षित लाभ म्हटला पाहिजे. (परवाना परत आणावा असे सुचविण्याचा अर्थातच हेतू नाही.)

व्हॉल्व्हच्या त्या रेडिओवर केंद्र लावण्याची क्रिया जवळून पाहण्याजोगी होती. बटण फिरवल्यावर अर्धे मिनिट काहीच होत नसे. व्हॉल्व्ह तापत, काचेच्या पट्टीमागील दिवा उजळे, आणि त्या काचेवर मुंबई, दिल्ली, मद्रास, सिलोन अशी गावांची नावेच छापलेली दिसत. उजवीकडची खुंटी पिळली की तिच्या दांड्याला वेढे दिलेली दोरी काट्याला सरकवी, आणि त्याच वेळी आत अर्धगोल ॲल्युमिनियमचे पत्रे एकमेकांत शिरत किंवा बाहेर येत. या जोडीतील पत्र्यांचा एक संच हव्या असलेल्या लहरीला अनुकूल होई, तर दुसरा यंत्राच्या आतच एक स्वतंत्र कंपन निर्माण करणाऱ्या मंडलाला सांभाळी. दोहोंतील अंतर बहुतेक यंत्रांत ४५५ किलोहर्ट्झ राखलेले असे. म्हणजे ५८५ वरील नागपूर लावले, की यंत्राच्या पोटात १०४० चे कंपन सुरू होणार. शेजारघरी रात्री कोणी १०४४ वरील मुंबई ऐकण्याचा प्रयत्न करीत असल्यास भिंतीपलीकडून येणारे हे १०४० त्याच्या मुंबईत मिसळून एक बारीक शीळ घाली, आणि बिचारा ती मुंबई केंद्राची खोड समजून कपाळाला हात लावी. चांगल्या यंत्रांत हिरवा प्रकाश देणारा एक लहानसा व्हॉल्व्ह दर्शनी बसवलेला असे. केंद्र अचूक सापडले की त्यातील काळी सावली आक्रसे, आणि जरा पुढेमागे झाले की पुन्हा फाके. डोळ्याने ही सावली पाहावी, कानाने उच्चारांचा ‘स’ स्वच्छ झाला की नाही ते ऐकावे, आणि बोटाने खुंटी केसभर मागे घ्यावी, असा तीन इंद्रियांचा तो व्यवहार होता.

पन्नाशीच्या दशकातील प्रश्न मध्यमलहरींचा नव्हता, लघुलहरींचा होता, कारण त्या दशकातील श्रोत्याला जे हवे होते ते सिलोनवर होते. बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले, चित्रपटसंगीताला आकाशवाणीची दारे बंद होत गेली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. मग दर बुधवारी रात्री आठला २५ किंवा ४१ मीटरच्या पट्ट्यावर काटा नेण्याची जी झुंबड उडाली, तिने या देशाला केंद्र लावण्याचे जेवढे शिक्षण दिले तेवढे कोणत्याही खात्याने दिले नसेल. लघुलहरींच्या पट्ट्यात केंद्रे इतकी खेटून असतात, की काटा किंचित हलला तरी दुसऱ्याच देशाची भाषा ऐकू येते. शिवाय आयनांबरावरून परावर्तित होऊन येणारा आवाज क्षणात भरतो आणि क्षणात ओसरतो. म्हणून सूक्ष्म जुळणीसाठी निराळी खुंटी असलेली यंत्रे लोक मुद्दाम मागून घेत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. तीही आरंभी लघुलहरींवरच, मुंबई आणि मद्रास येथील प्रक्षेपकांवरून. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवर विविध भारतीच्या जाहिरातसेवेचा प्रारंभ झाला, तेव्हा नागपूरच्या मागणीला वऱ्हाडात पुन्हा जोर आला.

ट्रान्झिस्टर आले आणि छपरावरची तांब्याची तार गेली, कारण त्यांच्या पोटातच फेराइटची कांडी होती. या कांडीला दिशेचे भान असते, ही गोष्ट बांधावर रेडिओ ठेवणाऱ्या शेतकऱ्याला शिकवावी लागली नाही; आवाज बसला की तो पेटी जागच्या जागी फिरवतो, आणि आवाज भरला की तशीच ठेवून देतो. कांडी प्रक्षेपकाशी काटकोनात असली म्हणजे ग्रहण उत्तम, आणि तिचे टोक प्रक्षेपकाकडे वळले म्हणजे अगदी क्षीण. बाभुळगावाहून नागपूर ईशान्येस असल्याने कांडी वायव्य-आग्नेय राहिली पाहिजे. घरच्या मोठ्या यंत्राबरोबर कांडीऐवजी प्लास्टिकची एक चौकट मिळते, तिच्याभोवती तारेचे वेढे असतात. तिच्याबाबत हिशेब उलटा, म्हणजे चौकटीची कड नागपूरकडे हवी. ही चौकट बहुतेक घरांत खोक्यातून बाहेरच निघत नाही, किंवा निघालीच तर यंत्राच्या पाठीला, विद्युत्परिवर्तकाला चिकटून ठेवली जाते. ट्रान्झिस्टरला जे साधते ते सिस्टिमला का साधत नाही, या कोड्याचा निम्मा उलगडा येथेच होतो.

उरलेल्या निम्म्यापैकी बराचसा भाग अंकगणिताचा आहे. १९७५ साली जिनीव्हा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, २३ नोव्हेंबर १९७८ पासून, युरोप, आफ्रिका आणि आशिया खंडांतील मध्यमलहरींच्या केंद्रांना नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने जागा मिळाल्या. आकाशवाणीच्या जुन्या मध्यमलहरी पाहाव्यात: नागपूर ५८५, मुंबई ५५८ व १०४४, पुणे ७९२, जळगाव ९६३, सांगली १२५१, परभणी १३०५, नवाने भाग द्या, कोठेही बाकी उरत नाही. अमेरिका खंडाने मात्र दहाचीच आखणी चालू ठेवली. काट्याच्या यंत्राला याचे सोयरसुतक नव्हते, कारण काटा उतारावरून घरंगळल्याप्रमाणे हव्या त्या बिंदूवर थांबू शकत होता. सत्तरीच्या अखेरीपासून अंकदर्शक यंत्रे आली; ती पायरी-पायरीने चढतात, आणि पायरी कोणत्या देशाच्या मापाची आहे यावर सर्व अवलंबून राहते. मुलाने किंवा जावयाने न्यू जर्सीहून मोठ्या हौसेने आणलेले यंत्र बाभुळगावी लावले, की ते ५८० वर थांबते, मग एकदम ५९० वर उडी मारते. नागपूर मध्येच राहून जाते, आणि घरचे लोक दोष छपराला, विजेला व अखेरीस आकाशवाणीला देतात.

एफएमच्या बाबतीत हीच गंमत अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकेत एफएम केंद्रांच्या अंकाचा दशांश नेहमी विषम असतो, आणि तेथील कित्येक यंत्रे दोन-दोन दशांशांनीच पुढे सरकतात. त्यामुळे असे यंत्र १०२.७ मेगाहर्ट्झवरील यवतमाळ बिनचूक धरते, परंतु १०२.४ वरील अकोला आणि १००.६ वरील नागपूरची विविध भारती त्याच्या हिशेबी अस्तित्वातच नसतात. शिवाय प्रक्षेपणात तीव्र स्वर मुद्दाम उचलून पाठवण्याचे व ग्रहणात ते उतरवण्याचे प्रमाण दोन्हीकडे निराळे, म्हणून अमेरिकी यंत्रावर आपली गाणी थोडी मंद, जाड आवाजात वाजतात. आखाती देशांच्या बाजारासाठी बनलेल्या यंत्रांच्या पाठीवर बहुधा नऊ-दहाची निवड करणारी एक बारीक कळ असते, आणि काही यंत्रांत दोन बटणे एकत्र दाबून ही अदलाबदल होते. कळ फिरवताच स्मृतीत साठवलेली सर्व केंद्रे पुसली जातात, हे आधी जाणून असावे; घरातील वडीलधाऱ्यांच्या रोषास कारण होऊ नये.

आता यवतमाळच्या एफएमकडे वळू, कारण आज बाभुळगावचा श्रोता मुख्यतः त्याच्यावर आहे. एफएमच्या लहरी आखूड, १०२.७ ला सुमारे २.९ मीटर, त्या मध्यमलहरींसारख्या जमिनीला बिलगून दूर जात नाहीत, बव्हंशी नजरेच्या टप्प्यातच चालतात. मनोरा शंभर मीटर आणि छपरावरची तार दहा मीटर उंच धरली, तर सपाट मुलखात हा टप्पा पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या घरात येतो. यवतमाळ पठारावर आहे व बाभुळगाव बेंबळेच्या खोऱ्यात, तेव्हा जवळच्या मनोऱ्याची उंची येथे उपयोगी पडते. तरीही यंत्रासोबत मिळालेली तार कपाटामागे गुंडाळून ठेवली, तर वीस किलोमीटरवरचे केंद्रही स्टिरिओत फसफसते. स्टिरिओचा निदर्शक दिवा लुकलुकू लागला की समजावे, केंद्राबरोबर येणारा १९ किलोहर्ट्झचा खुणेचा स्वर यंत्राला धड सापडत नाही आणि डावा-उजवा भेद काढण्याच्या खटाटोपात ते खरखर वाढवीत आहे. मोनोची कळ दाबावी, फसफस जागच्या जागी बसते. बातम्या आणि बाजारभाव ऐकण्यास दोन बाजू लागत नाहीत.

याहून चांगला उपाय स्वस्तही आहे. सत्तर-सत्तर सेंटिमीटरच्या दोन तारा एका सरळ रेषेत ताणून, मधल्या जोडावरून केबल यंत्रापर्यंत आणली, की अर्ध्या लहरीची आकाशतार तयार होते. तिच्या दोन्ही टोकांच्या दिशेने ती जवळजवळ बहिरी असते, आणि काटकोनात तिला सर्वात चांगले ऐकू येते. यवतमाळ दक्षिणेस, म्हणून तार पूर्व-पश्चिम बांधावी. पण मग अकोला नेमके टोकावर येते. आणि तेथेच बाभुळगावच्या श्रोत्याची खरी कसोटी आहे. अकोला १०२.४, यवतमाळ १०२.७, चंद्रपूर १०३.०: तिन्ही केंद्रे एका रांगेत, तीन-तीन दशांशांच्या अंतराने. मधले केंद्र उंबऱ्याशी, दोन्ही बाजूंची सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. ज्या यंत्राची गाळणी रुंद, त्यावर यवतमाळचा आवाज दोन्ही शेजाऱ्यांच्या अंगावर सांडतो. गाळणी अरुंद असलेले यंत्र, आणि तार उत्तर-दक्षिण फिरवून यवतमाळकडे तिचे बहिरे टोक केले, तर हिवाळ्यात पहाटे, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असताना, अकोल्याचे बोलणे कानी पडण्याचा संभव असतो. ऊन चढल्यावर ते मावळते. (१०२.७ हीच जागा कोल्हापूर केंद्रालाही दिलेली आहे. मध्ये पाचशेहून अधिक किलोमीटर असल्याने दोघांचे भांडण होत नाही.)

खरखरीच्या उगमाचा शोध घेताना लोक आकाशाकडे पाहतात. तो बहुधा घरातच असतो. विजेची बचत करणारे स्वस्त दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि शेतीपंपांचे स्टार्टर ही मंडळी मध्यमलहरींच्या पट्ट्यात अखंड गोंगाट करतात. परीक्षा सोपी आहे. भारनियमनात गावची वीज गेली, की सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरवर नागपूर एकदम निवळते, पार्श्वभूमीची भरभर नाहीशी होते, आणि निवेदकाच्या श्वासापर्यंत सर्व ऐकू येऊ लागते. घरातली सिस्टिम त्याच वेळी मुकी झालेली असते. हवा जेव्हा सर्वात स्वच्छ, तेव्हा मोठे यंत्र बंद आणि लहान यंत्र चालू, ही विसंगती येथल्या श्रोत्याच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिची कोणी तक्रारही करीत नाही.

परंतु तक्रार करण्याजोगी एक गोष्ट खचित आहे, ती म्हणजे स्वयंशोधाची कळ. ती दाबली की यंत्र पट्टा चाळीत जाते आणि ठरावीक शक्तीहून दुर्बळ असलेले प्रत्येक केंद्र गाळून टाकते. नागपूर शहरात, जेथे आकाशवाणीखेरीज खाजगी वाहिन्याही जोरकस आहेत, ही योजना सोयीची. बाभुळगावी मात्र ती यवतमाळ दाखवते आणि पुढे प्रदक्षिणा घालून पुन्हा यवतमाळवरच येते, तेव्हा घरातील तरुण पिढीची अशी समजूत होते की जगात एकच केंद्र आहे. हल्लीच्या कित्येक लहान ब्लूटूथ-स्पीकरांत तर हाताने अंक सरकवण्याची तजवीजच नाही. मोबाइलमधूनही एफएम हळूहळू नाहीसे झाले. ते ठेवावे असे केंद्र सरकारने २०२३ मध्ये उत्पादकांस सुचविले, पण सूचनेचे वजन सूचनेइतकेच. महाजालावरून आकाशवाणी ऐकता येते हे खरे, आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांना तो मोठाच आधार झाला आहे. परंतु ज्या शिवारात मोबाइलची एकच रेघ दिसते तेथे त्या आधाराचा उपयोग नाही.

पुढे काय, याविषयी दोन-तीन घटना नोंदवण्याजोग्या आहेत. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद करून अंकीय प्रक्षेपण स्वीकारले. आपल्याकडे तीसहून अधिक मध्यमलहरी प्रक्षेपकांना अंकीय जोड दिली गेली, परंतु ते ऐकणारी यंत्रे काही मोटारगाड्यांखेरीज सामान्य घरांत आलीच नाहीत. दुकानदाराकडे असे यंत्र मागितले तर तो गोंधळतो. नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर, एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकाने, १८ मे १९८८ पासून रात्रभर देशाला ऐकू जाणारी राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय २०१८ च्या डिसेंबरात झाला, आणि देशातील इतर मध्यमलहरी प्रक्षेपकही एकेक करून विश्रांती घेत आहेत. उलटपक्षी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील खाजगी एफएमच्या लिलावास मान्यता दिली. त्या यादीत यवतमाळचे नाव आहे. तेव्हा बाभुळगावच्या पट्ट्यावर उद्या आणखी जोरकस केंद्रे येतील. गाणी वाढतील, पण खाजगी वाहिनीला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आणि पावसाचा किंवा कापसाच्या भावाचा मजकूर तेथे कितपत मिळेल, याविषयी प्रस्तुत लेखक साशंक आहे.

या सर्वाचा निष्कर्ष मध्यमलहरींच्या बाजूने पडतो. यवतमाळहून वणी आणि उमरखेड सरळ रेषेतच नव्वद-शंभर किलोमीटर दूर आहेत. एका एफएम मनोऱ्याने एवढा डोंगराळ जिल्हा व्यापणे दुरापास्त आहे, आणि नागपूरचे ५८५ ते काम आजवर करीत आलेले आहे. त्याच्या भवितव्याचा निर्णय दिल्लीच्या दप्तरात होईल तेव्हा तो कागदोपत्री श्रोतृसंख्येवर न होता प्रत्यक्ष ग्रहणाच्या मोजणीवर व्हावा, यासाठी श्रोत्यांनीच पुरावा द्यावयास हवा. आकाशवाणी ग्रहण-अहवाल स्वीकारते, ही रीत जुनी आहे. बाभुळगाव, कळंब, राळेगाव येथील वाचकांनी एखाद्या आठवड्यात सकाळ, दुपार व रात्र अशा वेळी नागपूर लावून पाहावे. गाव, तारीख, वेळ, कंपनसंख्या, यंत्राचा प्रकार आणि आवाज स्वच्छ, अस्पष्ट की निरुपयोगी एवढे एका पोस्टकार्डावर लिहावे, आणि ते केंद्राच्या अभियांत्रिकी विभागाकडे धाडावे.